भज्यांच्या तेलाची पाटी

अहेरीच्या आठवडी बाजारात सुगंधाबाईचं हॉटेल म्हणजे चार बांबू, मागे एक तट्टा आणि दोन बाकं. पण भज्यांना गर्दी अशी, की शेजाऱ्यांच्या पोटात दुखावं. भजी तळली जात मोहाच्या बियांच्या तेलात. जंगलातल्या खेड्यातून सोनीबाई ते काढून आणी आणि तट्ट्याआडून गुपचूप देई. कारण जंगलातलं म्हणून मोहाच्या तेलाला नाकं मुरडणारे शेतकरी फार, आणि त्यांचे पुढारी नानाजी तर छातीठोक सांगत, "नाकानं वळखतो मी. हे जवसाचंच तेल!" सुगंधाबाई नुसती हसायची. हसण्याला काय, कुठलाही अर्थ लावा.

अशात नवा कायदा आला. जिल्ह्याहून आलेल्या साहेबांनी बजावलं की कोणतं तेल वापरता ते पाटीवर लिहा, खाणाऱ्याला कळू द्या. कायदा चांगलाच हो, पण पोटावर पाय कुणाच्या येणार होता? साहेबांपुढे खोटं बोलायची सुगंधाबाईची छाती झाली नाही. साहेबांनी खरं ते लिहून पाटी टांगली आणि ते पुढच्या हॉटेलाकडे वळले. नानाजी उठले, की अर्धं गिऱ्हाईक उठणार.

नानाजी भजं चघळत पाटीसमोर उभे राहिले. शिकलेला माणूस म्हणून त्यांचा मान मोठा, अक्षरओळख मात्र सहीपुरती. डोळे बारीक करून त्यांनी खणखणीत वाचलं, "इथी शुद्ध जवसाचं तेल वापरते!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. सुगंधाबाई सुटली होती, नुसतं गप्प बसायचं होतं. तेवढ्यात तिला सोनीबाई दिसली. तेलाचा डबा पोटाशी धरून ती ऐकत होती, आणि तिचं तोंड पार उतरलं होतं. सुगंधाबाईला स्वतःचीच लाज वाटली.

"नाई भाऊ," ती म्हणाली, "जवसाचं नाई. मोहाचं आहे. या सोनीबाईनं काढलेलं. पहिल्यापासून तुमी हेच खाऊन राह्यले."

नानाजींचं तोंड चालायचं थांबलं. गिळावं तर शब्द जातो, थुंकावं तर भजं. सगळी बाकं त्यांच्या फुगलेल्या गालाकडे बघत होती. अखेर त्यांनी गिळलं.

"तरीच म्हनलं," ते खाकरून म्हणाले, "आमची बायको जवसाच्या तेलात तळते, तिले असं भजं काऊन जमत नाई! आना अजून एक पुडा. अन सोनीबाई, डबाभर तेल आमच्या घरी पन देजा."

"देईन ना भाऊ," सोनीबाई म्हणाली. "पन घरी बाईले सांगजा, कशाचं आहे ते."

बाकांवर हशा उसळला. नानाजींनी तेवढं पुढचं भजं तोंडात घातलं.