इंजिनाची अमावस्या

भोंगा वाजला तेव्हा भिकुबाई झोपडीपुढच्या चुलीवर आंघोळीचं पाणी तापवत होती. आधी तिला वाटलं, कुठल्या तरी गिरणीचा असेल. पण तो थांबेचना, तशी ती चुलीपुढून उठली. वरच्या धरणाचे दरवाजे उघडताना हा भोंगा वाजतो, हे तापीकाठच्या लहान पोरालाही ठाऊक. पण माघ लागलेला, नदी आटलेली, अशा दिवसांत पाणी सुटेल असं कोणाच्या डोक्यात येणार? काठावरच्या गावांत म्हणे दवंडी फिरली होती. नदीच्या मधोमध वाळूच्या बेटावर डांगरांचे वेल लावून राहणाऱ्या तीन माणसांपर्यंत ती कशी पोचावी!

ती तीन माणसं म्हणजे भिकुबाई, तिचा नवरा सुपडू आणि सासू भागाबाई. भागाबाईचे गुडघे गेलेले, जीभ मात्र अजून तरणी. सुपडूने आईला पाठुंगळी मारलं आणि धावत नावेत नेऊन बसवलं. नावेवर विहिरीवरचं जुनं डिझेल इंजिन बसवलेलं होतं. विहीर कोरडी पडली तसं ते नावेवर चढलं. थंडीत ते रुसायचं, म्हणून सुपडू रोज सकाळी थोडा वेळ ते चालवून ठेवायचा. काल मात्र आईने चालवू दिलं नव्हतं.

"अमावस्याले बैल जुपतस का कोनी?" ती म्हणाली होती. "मंग इंजिनले बी एक दिन ऱ्हाऊ दे."

आणि या शहाण्याने ऐकलं होतं! भिकुबाईला त्या क्षणी दोघांचाही राग आला, पण रागवायलाही वेळ नव्हता.

सुपडूने हँडल लावलं आणि सगळा जोर लावून फिरवलं. इंजिन नुसतं घरघरलं, धूर म्हणून नाही. धूर नाही म्हणजे डिझेलच पोचत नाही, एवढं भिकुबाईलाही आता कळत होतं. दोन रात्री पडून राहिल्यामुळे नळीत हवा शिरली होती. सुपडूने पान्याने नट ढिला केला. फसफसत बुडबुडे आले आणि मग डिझेलची सरळ धार लागली. त्याने नट आवळला.

"पानी उनं रे सुपडू!" भागाबाई ओरडली.

वरच्या अंगाला नदी मातकट झाली होती. वेलांच्या पहिल्या ओळीत पाणी शिरत होतं. नुसती नाव सोडून द्यावी, तर खाली खडकांची रांग होती. या ओढीत बांबूच्या जोरावर नाव आवरणं कोणाच्या बापाला जमलं नसतं. बांधून ठेवावी, तर दोर तुटेपर्यंतच ती जागेवर राहणार. इंजिन लागलं तर जगणार, नाहीतर नाही. इतकं ते साधं होतं.

सुपडूने पुन्हा हँडल मारलं. आता डिझेल फवारणारं नोझल कटकट वाजू लागलं, पांढरा धूर आला, पण आग धरेना. लोखंड बर्फासारखं गार होतं. चाक वेगात येईस्तोवर दाब मोकळा ठेवणारी वरची खिट्टी त्याने घाईत आधीच पाडली. इंजिनाने एक ठोका दिला आणि हँडल उलटं फिरलं. काहीतरी कडकन वाजलं. सुपडू मनगट पोटाशी धरून खाली बसला.

"हात मोडी गया," तो म्हणाला.

भिकुबाईला वाटलं, आता आपण इथेच मरणार. तिला मोठ्याने रडावंसं वाटलं. पण पाय मात्र झोपडीकडे धावत होते. घोट्याएवढ्या पाण्यातून ती चुलीपाशी पोचली. सरपण विझत चाललं होतं, तपेल्यातलं पाणी मात्र अजून कढत होतं. तिने ते पदराने धरून उचललं, दिव्याच्या तेलाची बाटली काखेत मारली आणि परत आली. कढत पाणी तिने इंजिनाच्या डोक्यावर ओतलं. वाफ निघाली. हवा आत घेणाऱ्या तोंडात सुपडूने डाव्या हाताने तेलाची चूळभर धार सोडली.

"तेलानं दाब येस," तो दात आवळत म्हणाला. "खिट्टी मी धरस. तू फिराव. अंगठा बोटंसना बाजूले ठेव, मुठीमा नको दाबू."

तिने हँडलला हात लावला आणि पटकन काढून घेतला. आत्ताच तर याने नवऱ्याचं हाड मोडलं होतं!

"माले नही व्हनार."

"व्हई," भागाबाई म्हणाली. "फिराव माय. जोरमा फिराव."

सासूने लग्नानंतर पहिल्यांदाच तिला माय म्हटलं होतं. भिकुबाईने डोळे मिटून हँडल फिरवलं. आधी ते जागचं हलेना, मग जड जड फिरलं, मग हलकं होत गेलं. खांदे निखळतील असं वाटलं. नाव आता वाळूवरून सुटून डोलत होती.

"खिट्टी पाडू?"

"आजून नही!" ती किंचाळली. चाकाचा आवाज तिला पुरेसा वाटत नव्हता. अजून एक वेढा, अजून एक. "आते!"

खिट्टी पडली. इंजिन खोकलं, थांबल्यासारखं झालं, काळा धूर सोडला आणि धडधडायला लागलं. भिकुबाईने विळ्याने दोर कापला. सुपडूने डाव्या बगलेत सुकाणू दाबलं. नाव तिरकी होत, हेलपाटत धारेत शिरली. मागे झोपडी बसली, वेल दिसेनासे झाले. कोणीच मागे बघत नव्हतं.

काठाला लागल्यावर गावची माणसं धावली. त्यांनी भागाबाईला उचलून वर नेलं, सुपडूच्या हाताला फळी बांधली. पितांबर नावाडी नावेत चढला आणि इंजिन बंद करायला वाकला.

भिकुबाईने त्याचा हात झिडकारला. "हात नको लावू."

"वहिनी, काठ लागी गया. डिझेल फुकट जळी ऱ्हायनं."

ती इंजिनाला पाठ टेकून बसली. पाठीला चटके बसत होते, तरी ती सरकली नाही. सुपडूनेही हाक मारून पाहिलं. भागाबाई वरून म्हणाली, "जळू दे. बसू दे तिले."

डिझेल संपून इंजिन आपणहून थांबलं, तेव्हा कुठे भिकुबाई रडायला लागली.