तिसरा आग्रह आणि उरलेली साखळी

बर्फात गाडी घसरू नये म्हणून चाकाला बांधतात ती साखळी मी. वय झालंय, कड्या गंजल्यात, दोन आकडे वाकलेत. आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, मी चिडलेली आहे. गोड गोड आठवणी ऐकायला बसला असाल तर उठा. माझ्याकडे एका प्रवासाची हकीकत आहे, आणि ती सांगताना आजही माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

माझा जन्म इस्फहानच्या लोहारबोळातला. उस्ताद फरामर्झ नावाचा लोहार होता. एकेक कडी तापवून वळवायचा, सांधायचा, पाण्यात सोडायचा. आम्ही जुळ्या बहिणी. डाव्या चाकाची ती, उजव्या चाकाची मी. कुणी एकच साखळी मागितली तर फरामर्झ त्याला दुकानातून हाकलून द्यायचा. "एका पायात जोडा घालून डोंगर चढशील का तू?" असं तोंडावर विचारायचा. शहाणा माणूस होता.

आम्हाला नेलं चेलगेर्दच्या मंदनीनं. चेलगेर्द म्हणजे डोंगरातलं बख्तियारी लोकांचं गाव, जिथं हिवाळ्यात घराच्या दारातून नव्हे तर खिडकीतून बाहेर पडावं लागतं. मंदनीकडे बारा हिवाळे काढले आम्ही. घाटाच्या पायथ्याशी तो गाडी थांबवायचा, बर्फात उताणा पडून आम्हाला बांधायचा, हाताची बोटं निळी पडली तरी आकडा नीट बसल्याशिवाय उठायचा नाही. घरी आल्यावर कोमट पाण्यानं रस्त्यावरचं मीठ धुऊन काढायचा, शेगडीजवळ वाळवायचा, मेंढीची चरबी चोळून दोघींना एकाच गोणपाटात ठेवायचा. त्याची बायको माहबीबी कुरकुरायची, "माझ्या हातांना कधी चरबी लावली नाहीस ती." तो हसायचा. ते दिवस गेले.

मंदनी वारला आणि आम्ही त्याच्या मुलाच्या, अलियारच्या, वाट्याला आलो. अलियार इस्फहानात फरशांच्या दुकानात कामाला. गाडी बदलली, पण चाकं त्याच मापाची म्हणून आम्ही राहिलो. राहिलो म्हणजे काय, डिकीत सुट्या चाकाखाली पडून राहिलो. मीठ तसंच, ओल तशीच. घाटाच्या चौकीवर पोलिसानं विचारलं की हा डिकी उघडायचा, आम्हाला वर उचलून दाखवायचा, आणि पुन्हा खाली टाकायचा. सगळेच तसं करतात. साखळी दाखवायला असते, बांधायला नसते, अशी यांची समजूत. माझ्या कड्या तेव्हाच चिकटायला लागल्या.

अलियार वाईट माणूस नाही. वाईट असता तर मला इतका राग आला नसता. पण त्याला चांगला म्हणवून घ्यायचं व्यसन आहे.

तर त्या हिवाळ्यात माहबीबी आजारी पडली. छातीत पाणी झालं होतं. इस्फहानच्या दवाखान्यात तीन आठवडे काढल्यावर डॉक्टरांनी सांगितलं, आता घरी न्या. तिनंही धोशा लावला होता, माझ्या घरी न्या, माझ्या शेगडीपाशी न्या. बरोबर ऑक्सिजनचं एक नळकांडं दिलं. ते दुपारी चारपर्यंत पुरणार होतं. चेलगेर्दच्या आरोग्यकेंद्रात दुसरं तयार ठेवलेलं होतं. म्हणजे हिशेब सरळ होता, चारच्या आत पोचायचं. सकाळी आठला निघाले. पुढच्या आसनावर नाकाला नळी लावलेली माहबीबी, मागे अलियारची बायको गुलअंदाम, तिच्या मांडीशी नळकांडं. त्याच्यावरचा काटा ती दर पंधरा मिनिटांनी मोठ्यानं वाचायची. 

वाटेतलं शहरेकोर्द सोडलं आणि बर्फ सुरू झालं. चौकीवर नेहमीप्रमाणे आमचं दर्शन घडवण्यात आलं आणि गाडी सुटली. घाटाच्या पायथ्याशी एक चहाखाना आहे, तिथं गाड्या साखळ्या बांधायला थांबतात. देवाची कृपा म्हणायची, अलियारनंही थांबवली. त्यानं आम्हा दोघींना काढून बर्फावर ठेवलं. किती वर्षांनी बर्फाला टेकलो होतो.

शेजारी आमच्यासारखीच पांढरी गाडी उभी होती. जासेम नावाचा अहवाझचा माणूस, बायको आणि दोन पोरं घेऊन आला होता. तिकडं दक्षिणेत जन्मात बर्फ पडत नाही, म्हणून पोरांना बर्फ दाखवायला. त्याच्या दोन साखळ्यांपैकी एक तुटली होती. तो ती हातात धरून चहाखान्याच्या मालकाला विचारत होता, इथं विकत मिळेल का. मालकानं नकारार्थी मान हलवली. आत-बाहेर सातआठ माणसं चहा पीत बघत होती. बघे जमले की अलियारच्या अंगात येतं.

आता आमच्याकडची रीत तुम्हाला ठाऊक नसेल तर ऐका. समोरच्यानं आपल्या वस्तूकडे नुसतं पाहिलं तरी म्हणायचं, घ्या, तुमचीच आहे. त्यानं म्हणायचं, छे छे, असं कसं. आपण दुसऱ्यांदा म्हणायचं, संकोच करू नका. त्यानं पुन्हा नाही म्हणायचं. इथं दोघांचीही शोभा राहते आणि वस्तूही जागेवर राहते. दोनदा म्हणणं तोंडदेखलं. तिसऱ्यांदा म्हटलं तर मात्र ते खरं, मग घेणाऱ्यानं नाही म्हणणं हा अपमान. शेंबड्या पोरालाही हे कळतं.

अलियार म्हणाला, "आगा, ही घ्या की एक आमची. मापाची दिसते."

जासेम म्हणाला, "नाही हो, तुम्हाला लागेल."

"आम्ही इथलेच. या घाटात डोळे मिटून गाडी चालवतो आम्ही. घ्या."

"नको भाऊ. मी फिरतो माघारी. पोरं रडतील थोडी, काय होतंय."

झालं होतं. शोभा राहिली होती. गुलअंदाम गाडीतून काच खाली करून म्हणाली, "अलियार, बांध लवकर, काटा निम्म्यावर आलाय." पण तेवढ्यात चहाखान्याचा मालक कौतुकानं बोलला, "मंदनीचा मुलगा ना हा? बापासारखाच आहे." आणि या महाशयांची छाती फुगली. त्यानं माझ्या बहिणीला उचललं आणि जासेमच्या हातात कोंबलं.

"माझ्या बापाची शपथ, घ्यावीच लागेल."

तिसऱ्यांदा.

जासेमचा चेहरा उतरला. त्याला ती नको होती असं नाही, पण त्यालाही कळलं की आता सुटका नाही. वाफेनं गढुळलेल्या काचेमागे आजारी बाई बसली आहे हे त्याला माहीत नव्हतं. अलियारनं सांगितलंच नाही. सांगितलं असतं तर जासेमनं साखळी परत त्याच्या पायावर टाकली असती. पण मग देण्याची ऐट कशी राहणार?  माझी बहीण अहवाझच्या गाडीला बांधली गेली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. पोरांवर माझा राग नाही.

गाडीत बसल्यावर गुलअंदामनं नळकांडं मांडीशी घट्ट धरलं. मग म्हणाली, "तिसऱ्यांदा कशाला म्हणालास?"

"तोंडातून गेलं."

"मागच्या वर्षी गालिचा गेला तेव्हाही तोंडातूनच गेलं होतं. ते तोंड शिवून घे एकदा."

"आईसमोर भांडू नकोस."

"आईसाठीच भांडतेय. काटा बघ."

 बोलण्यात श्वास खर्च करायचा नाही असं माहबीबीनं ठरवलं असावं.

मी उजव्या चाकावर एकटी. एकीच्या जोरावर गाडी चढवणं म्हणजे काय ते मला विचारा. माझं चाक पकडायचं, डावं सुटायचं, आणि गाडी सारखी एका अंगानं ओढली जायची. डावीकडे दरी. मी बर्फात कड्या रोवत होते, गंजलेल्या जागी करकर वाजत होते, आणि मनात अलियारला शिव्या देत होते. चौथ्या वळणावर डावं चाक काचेसारख्या बर्फावर गेलं. गाडी अर्धी फिरली, मागचा भाग उजवीकडच्या बर्फाच्या ढिगात घुसला आणि पुढचं डावं चाक रस्त्याच्या कडेला जाऊन थांबलं. तिथून पुढं रस्ता नव्हता. एक वाजून गेला होता.

अलियारनं हातानं बर्फ उपसलं. गाडीतली पायपुसणी चाकाखाली घातली. मी फिरले, फिरले, खालचं बर्फ उकरून खड्डा केला, पण एकटीनं गाडी हलवणं मला जमलं नाही. दीड वाजला. दोन वाजले. गुलअंदामनं ऑक्सिजन थोडा कमी सोडायला सुरुवात केली, पुरवून पुरवून वापरायचा म्हणून. माहबीबीचा श्वास मला खाली चाकापर्यंत ऐकू यायला लागला.

अडीचच्या सुमाराला रस्ते खात्याचं बर्फ ढकलणारं यंत्र खालून घरघरत आलं. वर बसलेल्या चालकानं दार उघडून ओरडून विचारलं, "ओढू का?"

आणि मित्रांनो, माझ्या मालकानं काय उत्तर दिलं असेल? सवय. हाडीमांसी खिळलेली सवय.

"नको नको, तुमचा कशाला खोळंबा. आम्ही काढतो."

"नक्की? वर रस्ता बंद करतायत. माझ्यामागून कुणी येणार नाही."

"नक्की. तुम्हाला थकवा न येवो. व्हा पुढे."

चालकानं दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारायला तो काही पाहुणा नव्हता, सरकारी नोकर होता. त्यानं दार ओढून घेतलं. अलियार एक पाऊल यंत्राकडे गेला आणि थबकला. म्हणजे मदत हवी होती. मरणाची हवी होती. पण आणखी एकदा कुणीतरी आग्रह करील म्हणून हा बर्फात उभा. माझा संताप असा झाला की तुटून त्याच्या डोक्यात पडावं.

तेव्हा भोंगा वाजला. आमच्याच गाडीचा. लांबलचक, न थांबता. माहबीबी शेजारच्या आसनावरून वाकली होती आणि अख्ख्या अंगाचा भार टाकून भोंग्यावर पडली होती. यंत्र थांबलं. चालक खाली उतरून आला. तिनं काच खाली केली, नाकाची नळी बाजूला केली आणि म्हणाली, "माझा मुलगा खोटं बोलतोय. ओढ आम्हाला."

चालकानं नळकांडं पाहिलं, अलियारकडे पाहिलं, आणि बख्तियारीत एक शब्द उच्चारला तो मी इथं सांगत नाही. मग जाड दोर बांधून त्यानं आम्हाला घाट पार करून दिला.

चेलगेर्द गाठायला चार वाजून वीस मिनिटं झाली. पुरवून वापरूनही शेवटची दहा मिनिटं नळकांडं रिकामं होतं. गुलअंदाम सासूचे हात चोळत तिला म्हणत होती, "अजून एक घ्या. आता अजून एक." आरोग्यकेंद्राच्या दारात दुसरं नळकांडं लागलं तेव्हा माहबीबीचे ओठ जांभळे पडले होते. ती वाचली. पण त्या दिवसानंतर तिला आधाराशिवाय बसता आलं नाही.

घरी आल्यावर अलियारनं मला चाकावरून सोडलं आणि कधी नव्हे ते आत आणून शेगडीजवळ ठेवलं. लाज वाटली असावी. तिथूनच मी पुढचं पाहिलं. तिसऱ्या दिवशी शेजारपाजारचे भेटायला आले. चहाखान्यातली बातमी त्यांच्याआधी गावात पोचली होती. खुदारहम नावाचा म्हातारा, मंदनीचा मित्र, चहात साखरेचा खडा बुडवत म्हणाला, "अनोळखी माणसाला भर बर्फात आपली साखळी काढून दिली. अलियार, घराण्याचं नाव राखलंस."

सगळ्यांनी माना डोलावल्या. अलियारनं खाली बघत, पण थोडंसं हसून, "त्यात काय एवढं," म्हटलं. हे सुद्धा रीतीप्रमाणेच.

गुलअंदामनं किटली आपटली. आणि अंथरुणातून माहबीबीनं हात वर केला.  तिनं आधी दोनचार श्वास जमवले.

"साखळी माझी होती, बाळा," ती म्हणाली. "मला विचारलं असतंस तर मी म्हटलं असतं, दे. त्या गाडीत लेकरं होती, मीच दे म्हटलं असतं. पण तू मला विचारलंच नाहीस. मागे वळून पाहिलंसुद्धा नाहीस." मग तिनं नळी पुन्हा नाकाला लावली आणि भिंतीकडे तोंड केलं.

 खुदारहमनं पेला खाली ठेवला. अलियार किटली घेऊन उभा होता, पण कुणी पेला पुढे करेना. थोड्या वेळानं लोक एकेक करून उठले.

मित्रांनो, मला कुणी धुवा, चरबी लावा, जोडीनं ठेवा, हे सगळं मी मागणारच होते. साखळ्यांनी तेच मागायचं असतं. पण आता माझं मागणं एवढंच आहे. तुम्हाला काही द्यायचं असेल तर खुशाल द्या, स्वतःच्या अंगावरचा कोट द्या, ताटातला घास द्या. पण ज्याच्या श्वासातून ते जाणार आहे, त्याच्याकडे आधी वळा आणि त्याला विचारा. आणि तुम्हीच अडकलात, कुणी हात पुढे केला, तर पहिल्याच वेळी हो म्हणा. माहबीबी अजून भिंतीकडेच तोंड करून झोपते. अलियार रोज तिच्या पायाशी येऊन बसतो, आणि ती त्याला अजून काहीच विचारत नाही.