गाढवाला वेळ द्या

म्हातारा पांढरा घोडा सकाळी सातला गेला आणि दहाला त्याला उचलायला क्रेन आली.

सोडून दिलेल्या घोड्या-गाढवांचा हा आश्रम मावशी अकरा वर्षं चालवत होत्या. म्हणजे चालवत होती सगळी वस्ती. लोक गाजरं देत, जुनी पांघरुणं देत आणि सल्ले देत. सल्ले सगळ्यात जास्त यायचे, पण ते घोडे खात नसत.

"उचलू ना?" क्रेनवाल्याने विचारलं.

"थांबा. गाढवाचं अजून झालेलं नाही."

क्रेनवाल्याने जमलेल्या माणसांवरून नजर फिरवली.

"ते नव्हे, हे," मावशी म्हणाल्या. घोड्याच्या मानेपाशी एक करडं गाढव उभं होतं. नऊ वर्षं दोघांची गव्हाण एक होती.

"मला बाराला दुसरीकडे पोचायचंय, मावशी. साहेबांना काय सांगू, गाढवामुळे अडकलोय?"

"सांगा. त्यांना सवय असेल."

मावशी हसल्या नाहीत. तीन वर्षांपूर्वी काळी घोडी गेली, तेव्हा शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून त्यांनी तिला तासाभरात हलवलं होतं. तिच्या जोडीची गाढवी कुंपणाच्या कडेकडेने तिला शोधत फिरली. तिने चाऱ्याला तोंड लावलं नाही आणि सहाव्या दिवशी तीही गेली. "गाढवाला मेलेलं बघू द्यावं लागतं, नाहीतर ते शोधतच राहतं," जनावरांचे डॉक्टर नंतर म्हणाले होते. आधी सांगितलं नव्हतं, कारण कोणी विचारलं नव्हतं.

"वहिनी, जरा बाजूला करू का त्याला?" भाऊजींनी विचारलं. मावशींचे हे दीर आश्रमाच्या समितीचे अध्यक्ष होते, कारण खुर्ची त्यांनीच दिली होती.

"करून बघा."

भाऊजी दोन पावलं पुढे गेले. गाढवाने त्यांच्याकडे पाहिलं. भाऊजी तीन पावलं मागे आले.

गाढवाने घोड्याचा कान हुंगला. आयाळ दातांत धरून ओढली, सोडली, पुन्हा ओढली. मग पुढचा खूर त्याच्या खांद्यावर हलकेच ठेवला, झोपलेल्याला उठवावं तसा. घोडा उठला नाही. तेव्हा ते ओरडलं. एरवी ज्या आवाजाला वस्ती हसायची, त्याला आज कोणी हसलं नाही. माळावरच्या सगळ्या घोड्यांनी एकदम माना वर केल्या आणि तशाच ठेवल्या.

क्रेनवाला वर चढला आणि त्याने इंजिन बंद केलं.

घोड्याचा डावा डोळा निकामी होता, म्हणून गाढव कायम त्याच्या डाव्या अंगाने चालायचं. आता ते सावकाश वळसा घालून त्याच अंगाला आलं आणि उभं राहिलं. किती वेळ, ते कोणी मोजलं नाही. अकरा वर्षं वासाची तक्रार करणाऱ्या शेजारीणबाईसुद्धा नाकावरचा पदर काढून उभ्या होत्या.

मग ते निघालं, थेट कुंपणाकडे. मावशींनी भाऊजींचं मनगट धरलं. गाढव कुंपणापाशी थांबलं, पलीकडे बघत राहिलं. मग मान खाली घालून परत फिरलं, गव्हाणीशी आलं आणि त्याने पेंढ्याची एक काडी ओढली. मग तोंडभर पेंढा. माळभर फक्त त्याच्या चावण्याचा आवाज.

मावशींनी क्रेनवाल्याला हाताने उचलायची खूण केली.

"असू दे, मावशी," तो हळू आवाजात म्हणाला. "त्याचं खाऊन होऊ दे."

साडेबारा झाले होते.