चौदा चुंबकं

"हे नको, याच्यात जीवच नाही," म्हणत कार्सिदीने जुन्या स्पीकरमधून काढलेलं काळं वाटोळं चुंबक परत ढिगात टाकलं. टाकलं म्हणजे टाकायला गेला. ते वाटेतच दुसऱ्या दोघांना बिलगून बसलं.

"कार्सिदीकाका, सकाळपासून मुलगी बघायला आल्यासारखे एकेकीला निरखताय," भंगारवाला जुमाली म्हणाला. "बनवताय तरी काय?"

"चाक."

"चाकं आहेत की. ही काय, पाच पडलीत."

"आपोआप फिरणारं हवंय."

जुमाली हसला नाही. क्लातेनचा भंगारबाजार पाच वारांच्या जुन्या आठवड्यातल्या पाहिंगच्या दिवशी भरायचा, आणि दर पाहिंगला असं चाक शोधणारा एखादा त्याच्याकडे यायचाच. तो पुन्हा कधी यायचा नाही, हेही त्याला ठाऊक होतं.

कार्सिदीने चाळीस वर्षं शेतांवरच्या पंपांच्या मोटारी बांधल्या होत्या. जळालेली मोटार तो दारातून वासावर ओळखायचा. विजेशिवाय मोटार फिरत नाही, हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. पण पोरीने दिलेल्या फोनवर त्याने बघितलं होतं. एक माणूस सायकलच्या चाकाला चुंबकं लावतो, हातातलं एक चुंबक जवळ नेतो, आणि चाक गरगर सुटतं ते थांबतच नाही. कार्सिदीचे हात म्हणत होते, थाप आहे. डोळे म्हणत होते, फिरतंय ना! या दोघांच्या भांडणात तो बिचारा आठवडाभर भातात मीठ आहे की नाही हेही न कळता जेवत होता.

डोळ्यांची बाजू घ्यायला कारण होतं. आठ महिन्यांपूर्वी त्याच्या बायकोची, तुमिराची, डावी बाजू गेली. त्याआधी तीस वर्षं ती सायकलला जामूच्या बाटल्या लावून पाच गावं फिरायची, आणि तिचा हळद-चिंचेचा कडू काढा प्यायला माणसं रस्त्यावर वाट बघत उभी असायची. आता ती खाटेवर होती आणि गावात दुपारची लाईट जायची. पंखा थांबला की तिची उशी घामाने भिजायची. पोरीने पाठवलेला बॅटरीचा पंखा तासाभरात मान टाकायचा. मग कार्सिदी बांबूच्या पंख्याने वारा घालायचा, खांदा भरून आला की हात बदलायचा. "पुरे, पाक्ने," ती म्हणायची. पाक्ने म्हणजे पोरांचा बाप. पंचेचाळीस वर्षांत तिने त्याचं नाव घेतलं नव्हतं. तो थांबायचा नाही. आपला खांदा आधी गेला तर हिला वारा कोण घालणार, एवढी एकच भीती त्याला होती.

"किती देऊ?" जुमालीने विचारलं.

"तेच कळत नाही. फोनवर एक म्हणतो बारा, एक म्हणतो सोळा. एक म्हणतो सरळ लावा, एक म्हणतो तिरपी."

"कुणासाठी करताय?"

"बायकोसाठी."

"जन्मवार?"

"बुधवार, आणि पाच वारांतला पोन."

"प्रत्येक वाराचा आकडा असतो. बुधवारचे सात, पोनचे सात. चौदा घ्या! तिच्यासाठी करताय तर तिच्याच आकड्यावर चालेल."

चाकाला छत्तीस तारा. चौदा चुंबकं त्यांत सारखी बसणं शक्य नव्हतं. हाताखालच्या एखाद्या माणसाने असा हिशोब केला असता तर कार्सिदीने त्याची सालटी काढली असती. त्याने गुपचूप चौदा चुंबकं निवडली, आणि हातात धरायला एक वेगळं.

राहिलं चाक. लोखंडी रिम नको, चुंबक तिच्याकडेच ओढ घेणार. जुमालीकडे ॲल्युमिनियमचं एकच होतं आणि त्याचे छरे पार झिजलेले होते. खरं तर मनासारखं चाक घरातच होतं, तुमिराच्या सायकलचं पुढचं. ओझं तिला हलकं जावं म्हणून त्यानेच त्याला ॲल्युमिनियमची रिम घातली होती, आणि आजही दर शुक्रवारी तो त्याच्या आसात ग्रीस भरायचा. पण तुमिरा रोज सकाळी सातला डावा पाय कसाबसा उचलायची, मोजून चौदा वेळा. ईदपर्यंत पेडल मारणार म्हणे. ते चाक काढायचं म्हणजे तिला तोंडावर सांगायचं की बाई, तुझं फिरणं संपलं. कार्सिदीने खडखडणारं चाक उचललं.

दुपारी त्याने ते खाटेशेजारी लाकडी घोडीवर चढवलं. पुठ्ठ्याची पाती बांधली, चुंबकं चिकटवली, हातातलं वेगळं चुंबक जवळ नेलं. चाक पाव फेरा गेलं, कुरकुरलं आणि मागे आलं. तेवढ्यात लाईट गेली.

"ते रडतंय का?" तुमिराने विचारलं.

"छरे गेलेत."

"मग माझं घ्या."

"तुला लागेल ना. ईदला."

"कुठली ईद, पाक्ने? पाय उचलते तेव्हा तुम्ही दारात उभे असता. दिवसभरात तेवढंच तुमचं तोंड हसरं असतं, म्हणून उचलते."

"आणि मी दर शुक्रवारी ग्रीस भरतो ते कशासाठी? तू पाय उचलतेस म्हणूनच ना."

"मला वाटलं, मी पुन्हा सायकल चालवेन असं तुम्हाला खरंच वाटतंय."

कार्सिदीने पाना घेतला आणि बाहेर गेला. नट एका फटक्यात सुटले, इतके जपलेले होते.

तिच्या चाकावर चौदा चुंबकं बसली, पण शेवटच्या दोघांमध्ये मोठी फट राहिली. चाक अर्धा फेरा गेलं, घुटमळलं आणि नेमकं त्या फटीवर येऊन थांबलं. त्याने चुंबकं उलटी करून बघितली, तिरपी करून बघितली. चाक तिथेच थांबलं. ही मोटार गेली, असं त्याने आयुष्यात शेकडो लोकांना बेधडक सांगितलं होतं. आज त्याने आधी चुंबकं पुन्हा एकदा मोजली.

"फिरत नाही," अखेर तो म्हणाला.

"हाताने फिरवा एकदा."

त्याने जोर लावून फिरवलं. चाक जराही आवाज न करता फिरत राहिलं. पुठ्ठ्यांचा वारा तिच्या कपाळावरच्या केसांपर्यंत पोचला. तिने डोळे मिटून घेतले. मग चाक हळू झालं, मागेपुढे झुललं आणि फटीवर थांबलं.

"ग्रीस चांगलं भरलंय तुम्ही," ती म्हणाली.

लाईट येईपर्यंत तो चाक फिरवत बसला. खांदा बांबूच्या पंख्याने भरायचा तेवढाच भरला.

सकाळी सातला तो सवयीने दारात येऊन उभा राहिला. अंगणात सायकल बिनचाकाचा पुढचा चिमटा विटेवर टेकवून उभी होती. तुमिराने त्याच्याकडे बघितलं, पण पाय उचलला नाही. आत जावं की निघून जावं, त्याला सुचेना. मग तो खाटेच्या कडेला बसला, तिचा डावा पाय दोन्ही हातांत घेतला आणि उचलला.

"एक," तो म्हणाला. "दोन."

मधेच त्याची नजर दारातून सायकलकडे गेली, आणि तो मोजायचं विसरला.

"नऊ झाले," तुमिरा म्हणाली. "हा दहावा."