गळा बरा करणारा व्हॉल्व्ह

सकाळी दहालाच स्टुडिओत पाय ठेवायला जागा उरली नव्हती. नवखे गायक, त्यांचे आईबाप, शाळेतल्या गाण्याच्या बाई, सगळे टेबलावरच्या पेटीकडे डोळे लावून बसले होते. पेटी म्हणजे प्रीअँप. माइकमधून येणारा बारीक आवाज मोठा करणारं साधं यंत्र. पण हिच्या माथ्यावर जुन्या रेडिओत असायचा तसला काचेचा व्हॉल्व्ह होता, आणि तो केशरी उजेडानं पेटला की लोक श्वास रोखून धरायचे.

काचेपलीकडच्या खोलीत दोघी बहिणींतली धाकटी गात होती. या पेटीनं गळे बरे करतो म्हणणाऱ्या नादगुरुजींनी तिच्यावरचा खटका डावीकडे केला. "हा मेलेला आवाज!" मग उजवीकडे. "आणि हा प्राण! व्हॉल्व्हमधला अग्नी स्वरात उतरतो, स्वरातून कंठात उतरतो. कंठातल्या गाठी लोण्यासारख्या वितळतात, बरं का! डॉक्टर काय करणार? त्याच्याजवळ औषध आहे, अग्नी कुठाय?"

"अहाहा!" गाण्याच्या बाईंनी डोळे पुसले.

मागे भिंतीला टेकून थोरली उभी होती. वीस वर्षं तिनं रेडिओ, अँप्लिफायर, माइक दुरुस्त करण्यात घालवली होती. या स्टुडिओतली यंत्रंही तीच बघायची. धाकट्या बहिणीच्या गळ्याला गाठी आल्या तेव्हा डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, दोन महिने गप्प बसा, गाठी बसतील. गुरुजी म्हणाले, मौन म्हणजे गळ्याचं मरण. रोज दोन तास माझ्या पेटीसमोर गा. झालं! सहा महिने पोरगी सुजलेल्या गळ्यानं गात होती. आता घरी तिला पाणी मागायचं म्हटलं तरी आवाज फाटायचा.

थोरलीनं समजावून पाहिलं होतं. त्यावर धाकटी म्हणाली, "ताई, तुला माझं चांगलं झालेलं बघवत नाही." हे वाक्य तिच्या तोंडी कुणी घातलं ते थोरलीला ठाऊक होतं. त्या दिवसापासून तिनं गुरुजींवर दात धरला होता.

आणि मागच्याच आठवड्यात धाकटीला सोडायला आली असताना गुरुजी तिच्या तावडीत सापडले. त्यांनी पेटीचं बटण दाबलं आणि त्याच क्षणी पेटी बोलू लागली. थोरलीचे कान टवकारले. व्हॉल्व्ह तापल्याशिवाय काम करत नाही; जुना रेडिओ लावला की आवाज यायला वेळ लागायचा तो त्यामुळेच. हा मात्र गारठ्यातून उठून लगेच गायला लागला होता!  पण हे बिंग तिला भरल्या सभेत फोडायचं होतं.

"मालक, पाच मिनिटं द्या," ती आता स्टुडिओच्या मालकाला म्हणाली.

"करा काय ते. पण तमाशा नको हं."

तमाशाच करायचा होता. ती टेबलाशी गेली. "गुरुजी, अग्नीला हात लावू का?"

"खबरदार!" गुरुजी कडाडले. "शंकेखोराचा हात भाजून निघतो!"

"खऱ्या व्हॉल्व्हला लावला तर कुणाचाही निघतो," असं म्हणत तिनं तो पेटता व्हॉल्व्ह मुठीत धरला. सभेत कुणीतरी किंचाळलं. थोरलीनं हात काढला नाही. गुरुजींच्या कपाळावर घाम येईपर्यंत ती सावकाश मोजत राहिली, आणि खोटं कशाला सांगा, तिला फार बरं वाटत होतं.

"थंडगार आहे!" ती म्हणाली आणि तिनं तो उपटून काढला. खालच्या भोकात एक चिमुकला केशरी दिवा तसाच जळत होता. धाकटीचा आवाजही तसाच चालू होता, तितकाच प्राणमय.

"अहो, मग तो फरक?" गाण्याच्या बाई गोंधळल्या. "मी माझ्या कानांनी ऐकला!"

"ऐकलात ना! हा काटा बघा." खटका उजवीकडे केला की आवाज मोजणारा काटा दोन घरं वर चढत होता. "उजवीकडे आवाज थोडा मोठा होतो, बस. तेच गाणं जरा मोठ्यानं लावलं की आपल्या सगळ्यांच्याच कानांना ते भरदार वाटतं." तिनं डावीकडचा आवाज तेवढाच वाढवला. "आता दोन्ही सारखे. गुरुजी, डोळे मिटा आणि प्राण कुठला ते सांगा."

"ही श्रद्धेची चेष्टा आहे!"

"सांगा की हो गुरुजी," मागून एक बाप म्हणाला. त्याचीही मुलगी रोज इथे गायची.

गुरुजींनी डोळे मिटले. तीनदा विचारलं, तिन्ही वेळा चुकले. पहिल्यांदा लोक चुळबुळले, दुसऱ्यांदा खुसखुसले, तिसऱ्यांदा मालकानं त्यांची पेटी उचलून दाराबाहेर नेऊन ठेवली.

"हिलाच विचारा!" गुरुजी बाहेर आलेल्या धाकटीकडे बोट दाखवत ओरडले. "तुला बरं वाटत होतं की नाही?"

धाकटी पांढरीफटक पडली होती. "वाटत होतं," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "हेडफोनमध्ये मला मी मोठ्यानं ऐकू येत होते, म्हणून." आणि ती तिथेच रडायला लागली. रडण्याचाही आवाज नीट निघेना.

त्याच दुपारी बहिणी डॉक्टरांकडे गेल्या. ते म्हणाले, विश्रांतीनं बसल्या असत्या त्या गाठी आता कठीण झाल्या आहेत, शस्त्रक्रिया करावी लागेल, आणि पूर्वीचा आवाज येईलच असं सांगता येत नाही. गुरुजींची अब्रू गेली. पण धाकटीचे सहा महिने त्यानं परत येणार नव्हते. थोरलीचा राग आजही शमलेला नाही, आणि आम्हाला विचाराल तर तो शमूही नये.

खऱ्या व्हॉल्व्हनं आवाजात थोडा फरक पडतो, काहींना तो आवडतोही. खुशाल आवडू द्या. पण आवडलेला आवाज म्हणजे बरा झालेला गळा नव्हे. उद्या तुमच्यासमोर कुणी चमत्कार मांडला, तर आधी म्हणा, मला हात लावून बघू दे. तो नको म्हणाला, तर तिथून उठा आणि शेजारी बसलेल्यालाही उठवा.