बायकांच्या खोलीची आया

रेल्वेच्या धान्यदुकानात कारकुनाने सुंदराचं कार्ड हातात घेतलं, त्यावर लाल पेन्सिलीची आडवी रेघ ओढली आणि ते खणात टाकून दिलं.

"पुढची बाई," तो म्हणाला.

"अवो, माझे तांदूळ?"

"तुझ्या नवऱ्यानं सोमवारीच राजीनामा दिलाय. तांदूळ नोकरमाणसांना असतात."

मागे पंधरा-वीस बायका पिशव्या घेऊन उभ्या होत्या. त्यातली एक फिसकन हसली. सुंदराने वळून तिच्याकडे असं पाहिलं, की तिने पदराने तोंड झाकलं. लढाईचे दिवस होते. ब्रह्मदेशाचा तांदूळ बंद झाला होता, आणि कर्जतच्या बाजारात जो मिळे त्यात खडे जास्त, दाणे कमी. रेल्वेचं कार्ड होतं म्हणून तिच्या दोन पोरींच्या पोटात दोन वेळचा भात जात होता.

सोमवारी राजीनामा, आणि आज शुक्रवार. म्हणजे चार दिवस नामाने तिच्याकडून भाकरी बांधून घेतली होती आणि 'कामावर जातो' म्हणून चाळीतून बाहेर पडला होता.

कुठे जात असेल ते तिला सांगावं लागलं नाही. ती तडक कडावला, सासरच्या गावी गेली. सासऱ्याच्या पडवीत, जिथे म्हातारा मेल्यापासून कोणी लाकूड तासायचा वाकस उचलला नव्हता, तिथे नामा लाकडाच्या ढलप्यांत बसून बैलगाडीच्या चाकाचे आरे तासत होता. तिला पाहून तो उठला नाही.

"कामावर जातो म्हणून सांगितलं तुमी मला."

"कामावरच आलोय." त्याने आरा डोळ्यासमोर धरून त्याचा सरळपणा पाहिला. "अकरा वर्सं सांधेवाला म्हणून रूळ बदलायचा दांडा ओढला, सुंदरा. शिट्टी झाली की ओढायचा, शिट्टी झाली की सोडायचा. गाडी घाटावर गेली की हात रिकामे. सांजच्याला दावायला माझ्याजवळ काय नव्हतं. आता ह्ये बघ."

"तुमच्याजवळ नव्हतं, पण माझ्या चुलीवर व्हतं!"

"इथंबी मिळंल. ऱ्हा इथं. मालोजीला सांगितलंय मी."

मालोजी म्हणजे धाकटा दीर. त्याची बायको दारात उभी राहून हे ऐकत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर चार तोंडं वाढल्याचा हिशेब स्वच्छ दिसत होता.

"दिराला सांगितलंत. कारकुनाला सांगितलंत. मला तेवडं नाय सांगितलं."

"तू सोडू दिली नसतीस."

"नसतीच दिली!" सुंदरा म्हणाली, आणि आल्या पावली परत फिरली.

रेल्वेचं क्वार्टर पंधरा दिवसांत खाली करायचं होतं. चाळीच्या नळावर हुस्नबानो चाचीने तिला बाजूला घेतलं. स्टेशनात बायकांची वेटिंग रूम होती, तिथे चाची बारा वर्षं आया होती आणि आता थोरल्या मुलाकडे पनवेलला राहायला निघाली होती.

"माझी जागा मोकळी होतेय," चाची म्हणाली. "एक खोली मिळते, कार्ड मिळतं. पण काम सांगते, मग ठरव. मोरी धुवायची, लोकांच्या पोरांचं काढायचं, आणि वर बायांची बोलणी खायची. तुमच्या लोकांना चालेल का?"

"माझ्या लोकांनी मला इचारलं काय?"

स्टेशनमास्तर तिला पाहून चिडलाच. "नवरा काम टाकून गेला, आता बायको आली. उद्या तू पण जाशील."

"त्यांनी टाकलं सायेब. मी नाय टाकलं."

लढाईमुळे माणसं मिळत नव्हती, म्हणून त्याने तिला ठेवलं. पण रोज सकाळी तो मोरीच्या कडेवर बोट फिरवून बघे आणि काही सापडलं नाही तरी नाक मुरडे.

नामाला कळलं तसा तो तावातावाने स्टेशनात आला. पुरुषांना खोलीत मज्जाव. तो उंबऱ्याबाहेरूनच ओरडला, "सुताराची सून परक्याची मोरी धुणार? कडावात मला तोंड दावायला जागा ठेवली नाय तू!"

"तोंडाला जागा हाय, पोटाला नव्हती. व्हा बाजूला, बाईमाणसं येतायत."

सुरुवातीला तिने ते काम निव्वळ रागाने केलं. नाकाला पदर बांधून ती फिनेल ओती. पण महिना-दोन महिन्यांत एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. पुण्याकडच्या शेठाण्या असोत की डोंगरातल्या मोळीवाल्या, या चार भिंतींत आल्या की सगळ्या आधी तिच्याकडे बघत. कुठे बसू, पोराला कुठे निजवू, लुगडं कुठे बदलू. एका शेठाणीने मोळीवाल्यांना बाहेर काढ म्हणून फर्मावलं, तेव्हा सुंदराने शेठाणीचीच ट्रंक उचलून कोपऱ्यात सरकवली आणि मोळीवाल्यांना जागा करून दिली. जन्मात तिचा शब्द कुठे चालला नव्हता. इथे चालत होता.

मग वैशाखातली ती दुपार आली. गोऱ्या सोल्जरांची स्पेशल गाडी फलाटाला लागली. घाट चढायला मागून जोडायचं इंजिन वेळेवर आलं नाही आणि गाडी पत्र्यासारखी तापत उभी राहिली. सोल्जर बनियनवर खाली उतरले. काही प्यायलेले होते. फलाटावरचा नळ कोरडा पडला, तसे सात-आठ जण खोलीकडे वळले. आत सावली होती, पाण्याचे रांजण होते, आणि लग्नाला निघालेल्या बायका-पोरी होत्या.

सुंदराने दार ओढून घेतलं आणि स्वतः बाहेर उभी राहिली. पदर खोचला. "नो," ती म्हणाली. तिला येत असलेला इंग्रजी शब्द तेवढाच. मग मराठीत म्हणाली, "पानी पायजेल तर हितं आणून देते. आत नाय."

पुढचा हसला. त्याने तिच्या खांद्याला धरून तिला बाजूला लोटलं आणि कडीला हात घातला. आतून एक पोर किंचाळली. सुंदराने पायाशी ठेवलेली फिनेलची बादली उचलली आणि त्याच्या तोंडावर रिकामी केली.

तो डोळे चोळत शिव्या देत मागे कोसळला. बाकीचे पुढे आले. तिच्या हातात रिकामी बादली होती, ती तिने डोक्याच्या वर धरली. बादली खाली आली नाही. तेवढ्यात त्यांचा अंमलदार धावत आला, त्याने सगळ्यांना डब्यात हाकललं, आणि मग स्टेशनमास्तरला पाऊण तास झापलं.

"माफी मागायची," संध्याकाळी मास्तर म्हणाला. त्याने कागद पुढे केला. "लष्कराच्या माणसावर फिनेल टाकलंस! अंगठा कर, नाही तर उद्यापासून येऊ नकोस."

"काय लिवलंय त्याच्यात?"

"की तुझी चूक झाली."

"मग नाय करत. पुरुषांना मज्जाव, असं बाहेरच्या पाटीवर लिवलंय, ते तुमीच मला सांगितलं व्हतं, सायेब. ती पाटी खोटी असंल तर काढा. मग मी जाते."

मास्तर लालबुंद झाला. त्याने टेबलावर मूठ आपटली, तिला दोन दिवस बिनपगारी घरी बसवलं, आणि तिसऱ्या दिवशी शिपायाकडून वेटिंग रूमची किल्ली पाठवून दिली. दुसरी आया मिळाली नव्हती. माफीच्या कागदाचं नाव पुन्हा कोणी काढलं नाही. मात्र त्या दिवसानंतर मास्तर तिच्याशी कामापुरतंही धड बोलला नाही.

त्या दोन दिवसांतच नामा आला. तिला मिळालेल्या राहत्या खोलीच्या पायरीवर बसला. त्याचे हात खरबरीत झाले होते, पण चेहरा निवळलेला होता. असा चेहरा तिने अकरा वर्षांत पाहिला नव्हता.

"पयली बैलगाडी गेली माझी," तो म्हणाला. "वावोशीच्या पाटलानं नेली. आता दोन मागण्या हायती. मालोजीबी जेवू घालतो म्हणतो. झालं तुझं शिपाईगिरीचं? चल आता घरला. तुला नोकरीची गरज नाय उरली."

सुंदराने त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. दोन दिवस ती घरात बसली होती आणि तिचा जीव स्टेशनात होता. दुपारची गाडी आली की, रांजण कोणी भरले असतील, लेकुरवाळ्या कुठे बसल्या असतील, असं तिला होई. तांदूळ घरबसल्या मिळाले असते तरीही असंच झालं असतं, हे तिला आता कळत होतं. आणि त्याबरोबर हेही कळत होतं, की हा माणूस अकरा वर्षं दांड्यापाशी कसा उभा राहिला असेल.

"तुमी नोकरी का सोडली, ते आता समजतं मला," ती म्हणाली.

नामाचा चेहरा उजळला. "मग चल की."

"समजतं म्हणून तर राग जास्त येतो. तुमी तुमचं सुख माझ्या पोरींच्या ताटातनं उचललं, आन् मला कारकुनाच्या तोंडून कळलं. माझं मी कोणाचं ताट ओढून नाय मिळवलं. मी नाय येत."

"आन् पोरी?"

"पोरी तुमच्याबी हायती. बाजारच्या दिशी येत जा. भेटा."

तो उठला आणि कडावच्या रस्त्याला लागला.

पुढे तो बाजारच्या दिवशी येऊ लागला. पोरींना कधी लाकडाची बाहुली आणी, कधी काकड्या. सुंदरा त्याला चहा देई, कपबशी पायरीवर ठेवून आत जाई. बोलणं तेवढंच. कडावात लोक म्हणत, बाई माजली. कर्जतच्या चाळीत म्हणत, नवरा खुळा निघाला. दोघांनीही त्यातलं काही मनावर घेतलं नाही, आणि दोघांपैकी एकानेही काम सोडलं नाही.