मी आधीच नको म्हटलं होतं

मी रेक्कू. बोलतो मी रोजच. आज तुम्ही कान दिलाय, एवढंच काय ते नवीन. माणसांना वाटतं, कुत्रा बोलतो म्हणजे भुंकतो. अहो, भुंकणं म्हणजे आमचं ओरडणं. खरं बोलणं आम्ही मानेनं, जिभेनं, पाठीनं करतो, आणि ते बघायला माणसाला सवड नसते.

माझा जन्म मिशिगनच्या पार उत्तरेला, सुपीरियर सरोवराजवळच्या एका गोठ्यात झाला. आई गाई वळायची. बापाचा पत्ता नाही. कुणी म्हणे तो शेजारच्या शिकाऱ्याचा कुत्रा होता, कुणी म्हणे लांडगा होता. लांडगा म्हणणारे माझ्याकडे जरा आदरानं बघायचे, म्हणून मीही ते कधी खोडून काढलं नाही. आम्ही पाच भावंडं वाळल्या गवतात लोळत होतो, तेव्हा आर्वोआजोबा आले, बराच वेळ नुसते उभे राहिले आणि माझ्याकडे बोट करून म्हणाले, "हा." दिवसभरात ते एवढंच बोलले. पुढं मला कळलं, की तो त्यांचा बडबडीचा दिवस होता.

घरात आर्वोआजोबा, त्यांचा मुलगा ड्वेन आणि सून मार्नी. आजोबांचे आजोबा फिनलंडहून इथल्या तांब्याच्या खाणीत आले. खाणी कधीच बंद पडल्या, पण माणसं राहिली आणि त्यांच्या रीतीही राहिल्या. घरामागं सौनाची लाकडी खोली आहे. दर शनिवारी तिथं चूल पेटवून दगड तापवायचे, आधी बायकामुलांनी वाफेत घाम काढायचा, मग पुरुषांनी. नंतर सगळ्यांनी लालबुंद होऊन स्वयंपाकघरात बसायचं आणि वेलदोड्याचा गोड पाव कॉफीत बुडवून खायचा. पावाचे तुकडे बुडवताना हमखास खाली पडतात. शनिवार हा माझाही सण असतो तो त्यामुळं.

या कॉफीची एक गंमत सांगायलाच हवी. पाहुण्याला कॉफी विचारली, की त्यानं म्हणायचं, "नको." दुसऱ्यांदा विचारलं की, "कशाला उगाच त्रास?" तिसऱ्यांदा विचारलं की, "बरं, अर्धा कप." मग तीन कप प्यायचे. पहिल्या फटक्यात हो म्हणणारा हावरट, आणि पहिल्याच 'नको'ला थांबणारा यजमान चिक्कू. सगळी पंचक्रोशी अशीच. 'नको' म्हणजे 'अजून विचारा', हे इथल्या माणसांच्या हाडीमासी खिळलेलं आहे. हे माझ्या जिवावर बेतेल, असं मात्र मला कधी वाटलं नव्हतं.

मी चार वर्षांचा होतो तेव्हा हेल्मी आली. पांढऱ्या दुपट्यातलं ते गाठोडं माझ्यापुढं धरून ड्वेन म्हणाला, "रेक्कू, ही आपली." मी वास घेतला. दूध, साबण आणि आणखी काहीतरी, जे मी पूर्वी कुठंच हुंगलं नव्हतं. त्या दिवसापासून मी दारापाशी झोपायचं सोडून पाळण्याखाली झोपू लागलो. मला कुणी सांगितलं नव्हतं.

ती खायला लागली तेव्हा तर माझं नशीबच उघडलं. तिच्या उंच खुर्चीखाली उकडलेला बटाटा पडायचा, चीज पडायचं, मटाराचे दाणे टपाटपा पडायचे. पुढं ती मुद्दाम टाकू लागली आणि खाली वाकून बघू लागली. मी खाल्लं की खदखदून हसायची. मार्नी रागवायची, "अगं, तुझ्या पोटात काय गेलं आज?" माझ्या पोटात काय गेलं ते कुणीच विचारत नसे.

उभं राहायला ती शिकली ती माझ्या अंगाला धरून. मुठीत माझे केस नाहीतर कान पकडायची, हेलकावे खात उठायची, आणि मी श्वास रोखून उभा राहायचो. ती एक पाऊल टाकायची, मीही एक टाकायचो. तिच्या पहिल्या वाढदिवसाला शेजारपाजारची सात-आठ पोरं अंगणात उधळली होती. आईचं रक्त उसळलं माझ्यात. गोल गोल फेऱ्या मारून मी ती सगळी पोरं सफरचंदाच्या झाडाखाली गोळा केली आणि समोर बसून राहिलो. "अगं बाई, याला पाळणाघरात नोकरी द्या!" म्हणून बायका हसत सुटल्या. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. मोजायला सोपी गेली की नाही पोरं?

असं सगळं छान चाललं होतं. मग तिच्या दुसऱ्या उन्हाळ्यात माझा डावा कान दुखायला लागला. सरोवरात पोहताना पाणी गेलं असेल. आत ठणका लागायचा. हेल्मीला उभं राहायला आता माझी गरज नव्हती, पण कान धरायची तिची सवय काही गेली नव्हती.

त्या दिवशी तिनं कानाला हात घातला. मी मान फिरवली. हे माझं पहिलं 'नको'.

"बघ, बघ, लाजतोय!" मार्नी हसली.

तिनं पुन्हा हात घातला. मी ओठ चाटले, जांभई दिली. जांभई झोपेची नव्हती हो. तरी तिनं कान ओढलाच. मग मी उठलो, भिंतीलगतच्या बाकाखाली जाऊन तोंड भिंतीकडं करून पडलो. एखाद्या भल्या माणसानं याहून जास्त काय करायचं? पण हेल्मी रांगत बाकाखाली आली, आणि तो दुखरा कान तिनं दोन्ही मुठींनी धरला.

मी गुरगुरलो. दात लावला नाही, लावणारही नव्हतो. फक्त गुरगुरलो.

घर हादरलं. मार्नीनं किंचाळून पोरीला ओढून घेतलं. पोर रडली, मार्नी रडली. ड्वेननं मला पट्ट्याला धरून बाहेर काढलं आणि तो माझ्यावर ओरडला. तो माझ्यावर ओरडण्याची ती पहिलीच वेळ.

"उद्या चावला तर?" मार्नी म्हणत होती. "तिच्या तोंडाला चावला तर, ड्वेन?"

"इतकी वर्षं कधी काही केलं नाही गं त्यानं."

"आज केलं ना! मला झोप नाही यायची आता."

तिचं काही चुकलं नाही. आई आहे ती. माझ्या आईनंही कोल्हा दिसल्यावर असाच जीव खाऊन आवाज केला होता. फक्त कोल्हा मी नव्हतो.

ठरलं ते असं: येत्या रविवारी मार्नीचा भाऊ कार्ल येईल आणि मला त्याच्या जंगलातल्या शिकारीच्या खोपटावर घेऊन जाईल. त्याची कुत्री तिथं बारा महिने साखळीला असतात. 'कार्ल' आणि 'साखळी' हे दोन्ही शब्द मला कळतात. तोवर मी मागच्या पडवीत, मध्ये जाळीचं फाटक. हेल्मी फाटकापाशी येऊन "एक्कू, एक्कू" करायची आणि तिला उचलून न्यायचे. मी जेवण सोडलं. हे कुणाच्या लक्षात आलं असेल तर ते आजोबांच्या, पण ते बोलतील तर ना!

शनिवार आला. सौना तापला. आजोबांची धाकटी बहीण लेंपीआत्या गावातून आली होती. लेंपीआत्या म्हणजे अंगानं भक्कम आणि प्रेमानं त्याहून भक्कम. वाफ घेऊन सगळे स्वयंपाकघरात जमले. कॉफीची तीनदा विचारपूस झाली, कप भरले गेले, पाव कापला गेला. मी फाटकामागून बघत होतो. पडलेले तुकडे आज तसेच पडून होते.

"ये गं माझी राणी," आत्यांनी हात पसरले. "आत्याआजीला एक पापा दे."

हेल्मीनं मान फिरवली.

"अय्या, लाजते!"

"नको," हेल्मी म्हणाली.

"नको काय नको? एवढी लांबून आले मी. एक दे, चल."

"नको!" आणि ती उठून टेबलाखाली शिरली. पण आत्या हार मानणाऱ्या नव्हेत. सत्तरीच्या गुडघ्यांवर कुरकुरत त्या खाली बसल्या, वाकल्या आणि त्यांनी टेबलाखाली हात घातला.

टेबलाखालून आवाज आला. गुर्रर्रर्र.

सगळ्यांच्या माना गर्रकन माझ्याकडं वळल्या. मी तोंड मिटून बसलो होतो! शपथेवर सांगतो, त्यांच्याइतकाच मीही चकित झालो होतो. तेवढ्यात पुन्हा तोच आवाज आला, आणि हेल्मीनं टेबलाखालून डोकं बाहेर काढून आपले चिमुकले दात दाखवले.

ड्वेनच्या नाकातून कॉफी आली. आत्या मात्र फणकारल्या, "बघा! कुत्र्यानं पोर बिघडवली! मी म्हणतच होते."

आजोबांनी कप खाली ठेवला. "लेंपी, तिनं मान फिरवली. नको म्हणाली. दोनदा म्हणाली. मग उठून गेली. अजून काय करायला हवं होतं तिनं?"

"अरे दादा, नको तर सगळेच म्हणतात!"

"ते कॉफीला," आजोबा म्हणाले.

आत्यांनी हळूच हात मागं घेतला. आजोबांनी पावाचा तुकडा कॉफीत बुडवला, तो विरघळून कपात पडला तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

"रेक्कूनं पण मान फिरवली होती," ते म्हणाले. "मग तोही उठून गेला होता. बाकाखाली. मी इथंच बसलो होतो."

मार्नीचा चेहरा उतरला. "बाबा, मग तेव्हाच का नाही बोललात?"

"कुणी विचारलं नाही."

मार्नी उठली, तिनं फाटक उघडलं आणि पडवीत माझ्यापासून हातभर लांब जमिनीवर बसली. मला हाक मारली नाही, हात पुढं केला नाही. नुसती बसली. डोळ्यांतून पाणी गळत होतं. मी थोडा वेळ तिच्याकडं पाहिलं. मग उठलो, जवळ गेलो आणि दुखऱ्या कानासकट डोकं तिच्या मांडीवर ठेवलं.

"ड्वेन," ती ओरडली, "अरे, याच्या कानाला केवढा वास येतोय! आत सगळं सुजलंय. केव्हापासून दुखत असेल रे याला?"

आठवडाभर, बाई. त्या रात्री पडलेले सगळे तुकडे मी एकट्यानं फस्त केले.

रविवारी कार्ल साखळी घेऊन आलाच. "कुत्रा मिळायचा नाही," मार्नीनं दारातच सांगितलं. "कॉफी घेणार?"

"नको," कार्ल म्हणाला.

"बरं," म्हणून मार्नीनं खरोखरच किटली खाली ठेवली.

कार्लचा चेहरा बघण्यासारखा झाला. तो आजोबांकडे बघतो, ड्वेनकडे बघतो. शेवटी घसा खाकरून म्हणाला, "नाही म्हणजे... अर्धा कप चालला असता." आजोबांना मी त्या दिवशी पहिल्यांदा मोठ्यानं हसताना ऐकलं.

तेव्हापासून घरात नवे नियम आले. बाकाखालची जागा माझी. तिथं मी गेलो की मला कुणी बोलवायचंही नाही. हेल्मीनं माझ्याकडं यायचं नाही, मला बोलवायचं, आणि मी आलो तर आलो. आम्ही दोघं एकत्र असू तेव्हा मोठं माणूस खोलीत हवंच. कानाच्या थेंबांच्या वेळी मात्र माझं 'नको' कुणी ऐकलं नाही. औषधाला तशी सूट आहे म्हणे. मी निषेध नोंदवून ठेवलाय.

आता मी म्हातारा झालो. मागचे पाय सकाळी लवकर ऐकत नाहीत. हेल्मी शाळेत जाते, आणि तिच्या पाठीवर आलेला वाइनो रांगतो. तुमच्या घरी कुत्रा असेल आणि लेकरू असेल, तर माझं एवढं ऐका: कुत्रा गुरगुरला म्हणून त्याला मारू नका, लेकराला अलगद बाजूला घ्या आणि कुत्र्याचं काय दुखतंय ते बघा. गुरगुरणं हे त्याचं शेवटचं सभ्य वाक्य असतं. तेही बंद केलंत, तर त्याच्याकडं फक्त दात उरतील.

परवाची गोष्ट. मार्नी भांडी घासत होती. वाइनो भराभर रांगत माझ्याकडं निघाला. हेल्मीनं मध्ये बसून त्याला अडवलं. "थांब. आधी रेक्कूला विचारायचं." तिनं त्याची इवलीशी मूठ माझ्यापासून लांबच धरली. माझी कंबर धरली होती. मी मान फिरवली.

"नको म्हणतोय," हेल्मी म्हणाली. "चल, आपण ठोकळे खेळू."

बस्स, एवढंच. कुणी हसलं नाही, कुणी दुसऱ्यांदा विचारलं नाही. दोघं माझ्याकडं पाठ करून ठोकळे रचू लागली. मी जरा वेळ पडून राहिलो. मला फार बरं वाटत होतं, का ते नीट सांगता येत नाही. मग मी कसाबसा उठलो, आपल्या पायांनी चालत त्यांच्याकडं गेलो आणि वाइनोच्या पाठीला पाठ लावून बसलो.

त्यानं वळून पाहिलं आणि तो हसला. त्याला दात एकच आहे. माझेही आता फारसे उरलेले नाहीत. आमचं जमेल.